तिघांचा फोटो

"पाखरं उतरली, बाई." रशीदभाईंचा एवढाच फोन येतो आणि माझा हिवाळा तिथून सुरू होतो. तसा तो आधीच आलेला असतो म्हणा. कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, भवानीनगरकडून वारा सुटला की मळीचा आंबूस-गोड वास दोरीवरच्या कपड्यांना लागतो, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या डुलत चाललेल्या असतात आणि त्यांच्यामागं हॉर्न वाजवून वाजवून आपण दमलेलो असतो. शाळेतली पोरं पहिल्या तासाला तोंडातून वाफ काढून दाखवतात. पण मला थंडी वाजायला लागते ती त्या फोननंतरच. मग मी कपाटातली शाल काढते आणि पाण्यावरचं धुकं आठवत बसते.

भिगवणच्या पुढं धरणाचं पाणी आत आत शिरलंय, तिथं काठाला रशीदभाईंची होडी असते. वर्षभर त्यांचा मासळीचा धंदा. थंडीत मात्र पुण्या-मुंबईची कॅमेरेवाली मंडळी येतात, त्यांना ते रोहित पक्षी दाखवायला नेतात. उंच काटकुळे पाय, वाकडी चोच, अंगावर उगाच लागल्यासारखा गुलाबी रंग. सगळे त्यांना फ्लेमिंगो म्हणतात. माझी आई त्यांना 'लांबटांगी' म्हणायची आणि त्यांनी चिखलात तोंड घातलं की म्हणायची, एवढं देखणं रूप आणि खातंय बघ काय.

यंदा माझ्याही गळ्यात मोठा कॅमेरा आहे. मिररलेस. म्हणजे पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या पोटात एक आरसा असायचा, तो यात नाही. डोळा लावायच्या जागी आत एक छोटा पडदाच बसवलाय. पाखराचा डोळा कुठं आहे हे तो स्वतः शोधतो, त्याच्याभोवती चौकट आखतो आणि पाखरू कितीही उडालं तरी ती चौकट त्याच्या मागं धावते. आमच्या घरी तो आला तेव्हा आमचे हे म्हणाले, एवढ्यात दुभती म्हैस दारात उभी राहिली असती. मी म्हटलं, म्हशीला पाखराचा डोळा सापडत नाही. त्यावर ते गप्प बसले. गप्प बसले म्हणजे पटलं असं नाही, हे बावीस वर्षांच्या संसारात मला कळतं.

आणि दुसरा कॅमेरा घरातच होता. तो कुठं ठेवलाय ते मी विसरले होते वगैरे काही मी म्हणणार नाही. उगाच खोटं कशाला? कपाटात तिसऱ्या कप्प्यात, पैठणीच्या खाली, सुक्या मेव्याच्या जुन्या डब्यात. गेली चौदा वर्षं मला तो डबा कुठं आहे ते झोपेतही सांगता आलं असतं. पैठणी काढताना मी तो हातानं बाजूला सारत असे, उघडत नसे.

नोकरी कायम झाली त्या वर्षी घेतलेला तो. चपटा, रुपेरी, तळहातात मावणारा. बटण दाबलं की झूं करून त्याचं नाक बाहेर यायचं आणि बंद केला की आत जायचं. आईनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, साबणाची वडी आहे का काय? तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव वडीच पडलं. "वडी घेतली का?" असं ती निघताना विचारायची. गर्दीत गेलं की ती माझ्याकडून काढून घ्यायची आणि कनवटीला खोचायची, वरून पदर. तिथून चोराची काय, माझीसुद्धा ती काढून घ्यायची हिंमत नव्हती.

नवा कॅमेरा कुणाच्या कनवटीला बसणार? त्याला वेगळी पिशवी, लेन्सला वेगळी पिशवी, पुसायला वेगळं फडकं. त्याला लहान लेकरासारखं दोन्ही हातांनी धरावं लागतं. पण फोटो असे काढतो की पाखराच्या डोळ्यात होडीची सावली दिसते. वडीच्या फोटोत लांबचं पाखरू म्हणजे नुसता गुलाबी ठिपका, आणि घरातल्या फोटोत आम्हा सगळ्यांचे डोळे भुतासारखे लाल. तिची तारीख मी कधी नीट लावलीच नाही. बॅटरी संपली की ती पुन्हा पहिल्या तारखेवर जायची. त्यामुळं कोपऱ्यात केशरी आकड्यांत सगळीकडं तीच तारीख. दिवाळी, हुरडा, माझं बाळंतपण, तात्यांनी नवा बैल आणला तो दिवस, सगळं एकाच दिवशी घडलेलं. कधी कधी वाटतं, असा एकच लांबलचक दिवस असता तर बरं झालं असतं.

तात्या म्हणजे माझे वडील. डाळजला असतात, एकटे. मी एकुलती एक, म्हणून आमचं कुटुंब मोजून तिघांचं. आणि तिथंच सगळी अडचण होती.

कारण तिघांचा फोटो काढायचा नसतो. आमच्याकडं हे लहान पोराला पण माहीत असतं. दोघांचा काढा, चौघांचा काढा, पंचवीस जणांचा काढा. तिघांचा नाही. तिघांतलं मधलं माणूस जातं. का जातं, कुणी मोजून पाहिलं, असलं विचारायचं नाही. आई बाकी बाबतीत काही फार देवभोळी नव्हती. मांजर आडवं गेलं तर उलट त्यालाच शिवी घालायची. पण फोटोच्या बाबतीत तिचा कायदा कडक होता. आम्ही तिघं उभे राहिलो की ती आधी आजूबाजूला बघायची आणि दिसेल त्याला चौथा म्हणून ओढून आणायची.

त्यामुळं आमच्या घरच्या फोटोंत जगभरचे लोक आहेत. एका फोटोत पोस्टमन आहे, सायकल धरून. एकात बोअरवेलवाला आहे, त्याच्या अंगावर सगळा चिखल. माझ्या पदवीच्या फोटोत इंदापूर एसटीचे कंडक्टर उभे आहेत आणि त्यांचा चेहरा आमच्या तिघांपेक्षा जास्त आनंदी आहे. एकदा कुणीच मिळालं नाही तेव्हा आईनं म्हैस सोडून आणली होती. मी म्हटलं, म्हैस कशी धरायची मोजायला? तर म्हणाली, जीव आहे ना तिला. हिवाळ्यात होडीवर गेलो की चौथे ठरलेले, रशीदभाई. मी कॅमेरा चालू करून त्यांच्या हातात देऊन भागायचं नाही, त्यांनी फोटोत यायचं आणि फोटो दुसऱ्याच कुणी काढायचा. त्यांनाही ते इतकं सवयीचं झालं होतं की आम्ही उठून उभे राहिलो की ते आपले डोक्याचा रुमाल नीट करायचे.

मी विज्ञान शिकवते. तेव्हा नवीनच लागले होते, अंगात वारं होतं. सातवीच्या पोरांना ग्रहण म्हणजे सावली, एवढंच, असं फळ्यावर काढून दाखवायचं आणि घरी येऊन पोस्टमनच्या शेजारी उभं राहायचं, याचा मला फार राग यायचा.

त्या हिवाळ्यात पाखरं खूप आली होती. पाणी लवकर ओसरलं होतं, काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि धुकं असं की होडी आपल्याच पुढच्या टोकापर्यंत दिसायची नाही. त्या धुक्यातून आधी आवाज यायचा, खूप माणसं हळू आवाजात कुजबुजत असल्यासारखा. मग पाय दिसायचे. मग हळूहळू वरचं पाखरू. आई होडीत मध्ये बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि टरफलं पाण्यात न टाकता ओच्यात गोळा करत होती. तात्या तिला म्हणत होते, धरण काय तुझ्या शेंगांनी भरणार आहे का? ती म्हणाली, आपल्या अंगणात कुणी टाकली तर चालेल का? तेवढ्यावरून दोघांचं बराच वेळ चाललं होतं, आणि मी पाण्यात हात सोडून ते ऐकत होते. हात बधिर झाला तरी काढला नाही. आजही मला एखादी दुपार फार सुखाची वाटली की बोटांच्या टोकांना तो गारठा जाणवतो.

काठाला उतरलो तर रशीदभाई होडीचं डिझेल आणायला भिगवणला गेले. काठावर चिटपाखरू नाही. म्हणजे पाखरं हजारो, पण चौथा माणूस नाही. मला तीच संधी वाटली. वडीत स्वतःहून फोटो काढायची सोय होती, दहा सेकंदांची. आई 'नको' म्हणाली. एकदाच म्हणाली, "शाले, तिघांचा काढू नगं." मी ऐकलं नाही. काठावर एक जुनी होडी पालथी पडली होती, तिच्यावर दोघांना बसवलं. मध्ये जागा ठेवली. मधे मीच बसणार होते, मुद्दाम. बघू कोण जातंय ते, असा माझा तोरा. समोर एका दगडावर कॅमेरा ठेवला, तो पुढं झुकत होता म्हणून त्याच्याखाली तात्यांची चप्पल सारली, बटण दाबलं आणि पळाले.

चिखल होता. पाय घसरला. कॅमेऱ्याचा केशरी दिवा मागं लुकलुकत होता, टुक टुक टुक, शेवटच्या दोन सेकंदांत कॅमेरा घाई करतो तसा घाईनं वाजायला लागला. मी उठून पोचेपर्यंत आई सरकून मध्ये आली होती आणि तिनं कडेची जागा हातानं थोपटून मला दाखवली. मी बसले आणि कटक झालं.

ती का सरकली ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मला मध्ये बसू द्यायचं नव्हतं तिला. ती मात्र हसत होती, माझ्या साडीला लागलेला चिखल बघून.

पाखरं परत गेली त्याच सुमाराला आईच्या पोटात दुखायला लागलं. बारामती, मग पुणे. पाऊस पडायच्या आत ती गेली.

घरात माणसं जमली होती तेव्हा तात्यांनी मला आतल्या खोलीत बोलावून विचारलं की त्या दिवशी पाण्याकाठी काढलेला फोटो चांगला आला असेल, तोच चौकटीत घालू का. मी त्यांच्याकडं न बघता म्हटलं, "तो आला नाही, तात्या." त्यांनी बरं म्हटलं. मग आईचा मतदार कार्डावरचा फोटो स्टुडिओत दिला. त्यांनी तो मोठा केला, मागं निळा पडदा लावला, अंगावर कुणाचा तरी भरजरी पदर चिकटवला. आजही डाळजच्या घरात तो हारात आहे. त्यातली बाई चेहऱ्यानं आईच आहे, पण ती कुणावर तरी रागावल्यासारखी समोर बघते. आई रागावली तर असं बघायची नाही, ती भांडी आपटायची.

मी विज्ञान शिकवते, हे मी आधी सांगितलंच. मला पोटाच्या आजाराचं नाव माहीत होतं, तो आधी किती महिने अंगात असतो हे डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. मला सगळं कळत होतं. आणि तरी चौदा वर्षं मी मनातून हेच धरून होते की माझ्या हट्टापायी माझी आई मध्ये सरकली आणि गेली. कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं समजूत काढली असती आणि तीच मला नको होती. फोटो पुसून टाकायचं धाडस झालं नाही, बघायचंही झालं नाही. वडी डब्यात गेली.

दोन्ही कॅमेऱ्यांच्या बाबतीत मला एक गोष्ट फार विलक्षण वाटते. वडीचं बटण दाबलं की ती जरा विचार करायची आणि मग फोटो काढायची. त्या मधल्या वेळात पाखरू उडून जायचं, हसणारं माणूस गंभीर व्हायचं. आपण जे बघून बटण दाबलं त्याच्या नंतरचं काहीतरी हाती लागायचं. नवा याच्या उलट. त्याचं बटण अर्धं दाबून धरलं की तो आधीपासूनच फोटो गोळा करत राहतो आणि आपण पुरतं दाबलं की दाबण्याच्या आधीच्या अर्ध्या सेकंदाचे फोटो काढून देतो. पाखरू उडाल्यावर बटण दाबा, तरी ते उडण्याआधीचं मिळतं. मला तो हातात घेतला की खुळ्यासारखं वाटतं, अर्धा सेकंद मागं जाता येतं तर थोडं आणखी मागं का नाही? मी पळायच्या आधी. आई एकदाच 'नगं' म्हणाली तिथंपर्यंत.

शिवाय नव्याला आवाज नाही. वडी कटक करायची तोवर सगळे श्वास धरून बसायचे, मग एकदम सैल व्हायचे, आणि खरी बोलणी तिथून सुरू व्हायची. नव्यापुढं माणसाला कळतच नाही कधी सैल व्हायचं ते.

यंदा रशीदभाईंच्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी तात्यांचा फोन आला. मीही येतो म्हणाले पाखरं बघायला. मला नवल वाटलं, कारण आई गेल्यापासून ते त्या पाण्याकडं फिरकले नव्हते. मग त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. बारामतीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आहे हे मला माहीत होतं, औषध मीच आणून देते. पण किती उरलंय ते त्यांनी कधी धड सांगितलं नव्हतं. "कडचं गेलं," ते म्हणाले, "मदलं तेवढं दिसतंय. त्ये बी किती दिस राहतंय कुणाला ठावं." आणि फोन ठेवता ठेवता, सहज विचारावं तसं, म्हणाले, "शाले, त्यो फोटू खरंच आला न्हवता का गं? कटक तर वाजलं हुतं."

फोन ठेवल्यावर मी पैठणी बाजूला केली आणि डबा काढला. बॅटरी फुगून गेली होती, नाक आतच अडकलं होतं. पण बाजूचं झाकण उघडलं तर आत ते नखाएवढं कार्ड तसंच. मी ते नव्या कॅमेऱ्याच्या खाचेशी धरून पाहिलं. आकार तोच. एवढ्या वर्षांत कॅमेऱ्याचं सगळं बदललं, ते कार्ड तेवढं बदललं नाही. घालून बघितलं मात्र नाही. रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

रविवारी पहाट फुटायच्या बेताला डाळजला पोचले. नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारातल्या धोंड्याला ठेच लागली. करंट्यासारखा तो काळा गुळगुळीत धोंडा कायम तिथं दाराला टेकवलेला असतो, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. वर्षानुवर्षं माझा अंगठा त्याच्यावर फुटतोय. तात्या, एकदाचा फेका हो हा, मी छानपैकी स्टीलची कडी बसवून देते, असं मी दर खेपेला म्हणते, तसं आजही म्हटलं. राहू दे, असं ते दर खेपेला म्हणतात, तसं म्हणाले.

पाण्यावर तेच धुकं होतं. रशीदभाईंची दाढी पांढरी झालीय, होडीला नवं इंजिन आहे, पण धुकं तेच. तात्या माझ्यापुढं बसले होते. पाखरं डावीकडं होती तर त्यांना दिसेनात. रशीदभाईंनी काही न विचारता होडी वळवली, थेट त्यांच्यासमोर पाखरं येतील अशी. मग तात्यांची मान स्थिर झाली. तेवढ्या गोल तुकड्यात त्यांना जे दिसत असेल ते दिसत होतं आणि ते अजिबात हलत नव्हते. मी खूप फोटो काढले, आवाज न करता. पाखराच्या डोळ्याभोवती चौकट धावत होती. पण माझं लक्ष तात्यांच्या मानेकडं होतं.

काठाला उतरलो. ती पालथी होडी आता नाही, कुणीतरी जळणाला नेली असेल. एका बांधावर बसलो. रशीदभाई बिडी ओढायला लांब गेले. मी म्हटलं, "तात्या, फोटो आला होता. मी खोटं बोलले." आणि मग सगळं सांगितलं. पाय घसरला ते, आई सरकली ते, मला मध्ये बसायचं होतं ते. सांगताना रडले. पन्नाशीची बाई, गळ्यात एवढा मोठा कॅमेरा, शेंबूड पुसायला लेन्सचं फडकं. तात्या हात पुढं करून म्हणाले, "दाव."

कार्ड घातलं. नव्या कॅमेऱ्यानं ते उघडलं, हेच मोठं नशीब. मागच्या पडद्यावर उन्हात काही दिसेना, म्हणून मी कॅमेरा त्यांच्या डोळ्याला लावला. आतल्या छोट्या पडद्यावर फोटो येतो, भोवती सगळा अंधार. शेजारी एक बारीक चाक असतं, चष्म्याचा नंबर जुळवायला. ते मी हळूहळू फिरवत गेले. फिरवता फिरवता तात्यांचा श्वास एकदम थांबला, तेव्हा मीही थांबले.

"दिसली," ते म्हणाले. "मदी हाय न्हवं, म्हनून समदी दिसती."

कडेचे आम्ही दोघं त्यांना दिसत नव्हतो. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग डोळा तसाच ठेवून मला विचारलं, "मांडीवर बघितलंस का तिच्या?"

मी कुठून बघणार? त्या दिवशी माझे डोळे कॅमेऱ्याच्या दिव्यावर होते आणि चौदा वर्षांत आज पहिल्यांदा तो फोटो उघडला होता. त्यांनी कॅमेरा माझ्याकडं दिला. मी डोळा लावला. धुकं, गुलाबी ठिपके, कोपऱ्यात ती केशरी तारीख. तात्यांचे डोळे मिटलेले. मी अर्धवट बसलेली, कोपरापर्यंत चिखल. मध्ये आई हसतेय. आणि तिच्या मांडीवर, दोन्ही हातांत धरलेलं, काहीतरी काळं. मी मोठं करत गेले. वडीचा फोटो, मोठा केला की चौकोन चौकोन होतात. तरी कळलं. धोंडा होता.

तात्या सांगत होते. तू तिकडं चप्पल सारत हुतीस, तवा तिनं पायाजवळचा धोंडा उचलून मांडीवर घेतला. मी म्हणलं ह्ये काय? तर म्हनली, "पोरीला सांगू नगा, चिडंल. ह्यो चौथा." आणि मग जाताना तो तिथंच टाकू पण देईना. फोटोतला माणूस आहे, त्याला असा पाण्याकाठी टाकून कसं जायचं, असं म्हणाली आणि शेंगांच्या टरफलांबरोबर ओच्यात घालून घरी घेऊन आली.

"दाराला हाय त्यो," तात्या म्हणाले.

मी माझ्या अंगठ्याकडं बघितलं. सकाळची ठेच अजून ठणकत होती. मला आधी हसू आलं, मग काय आलं ते सांगता येत नाही. म्हणजे तिच्या हिशेबानं आम्ही तिघं नव्हतोच. तिनं कायदा मोडलाच नव्हता, माझा हट्टही मोडला नव्हता. ती मधे सरकली ती केवळ मी चिखलात बरबटून येतेय आणि मला कडेला लगेच बसता यावं म्हणून असेल, किंवा अजून एक काळजी म्हणून असेल. आता कोण सांगणार? पण ती घाबरून बसली नव्हती एवढं फोटोत साफ दिसत होतं. चौदा वर्षं डॉक्टरांच्या कागदानं जे झालं नाही ते त्या धोंड्यानं केलं. विज्ञानाच्या बाईंनी हे वर्गात सांगू नये, आणि मी सांगणारही नाही.

दुपारी डाळजला रशीदभाई चिलापी मासळी घेऊन आले, ताजी, वाटंवरच साफ करून आणलेली. ते चहाला बसले. तात्या ओसरीवर बसले होते. म्हणाले, काढ एक फोटो, माझ्या डोळ्यात नजर आहे तोवर. मी आत जाऊन धोंडा उचलला, चांगला जड होता, धुतला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी त्यावर हात फिरवला. कॅमेरा तिपाईवर लावला. आज चप्पल लागली नाही. दहा सेकंदांवर ठेवला, पळायच्या बेतात होते, तेवढ्यात तात्या म्हणाले, "थांब."

त्यांनी बोटं मोजली. ते, मी आणि मांडीवरची ती. "तीन हुत्यात," ते म्हणाले.

मी हसले नाही. रशीदभाईंनी कपबशी खाली ठेवली आणि डोक्याचा रुमाल नीट केला. ते तात्यांच्या एका बाजूला बसले, मी दुसऱ्या.

या कॅमेऱ्याचा मागचा पडदा फिरवून समोर करता येतो. आम्ही बसलो तिथून तो दिसत होता. कॅमेरा माणसं शोधत होता. तात्यांच्या चेहऱ्यावर चौकट आली, मग रशीदभाईंच्या, मग माझ्या. त्यानं थोडा वेळ आणखी शोधलं आणि थांबला. त्याला तिघंच सापडले. तात्यांनी धोंडा जरा वर धरला, नीट दिसावा म्हणून. मी आवाजाची वाट बघत होते. मग आठवलं, याला आवाज नसतो, आणि मीच तोंडानं कटक म्हटलं.